स्वतःच्या पत्रात स्वतःची कादंबरी

एखाद्या तरुणाने कादंबरी लिहून पुरी केली, की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: आता ही छापायची कोणी? प्रकाशकाचे उंबरे झिजवायचे, की पदरमोड करून आपणच छापायची? श्रोतेहो, १८९० साली पुण्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या लेखकाने यातून तिसरीच वाट काढली. तो म्हणजे हरि नारायण आपटे.

हरिभाऊंचा जन्म १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण पुण्यात झाले, पण पदवी काही हाती लागली नाही. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ साली ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. पण पत्र दुसऱ्याचे, तेव्हा जागाही दुसऱ्याची! १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. संपादक तेच आणि मुख्य लेखकही तेच.

यातली व्यवहाराची बाजू पाहा. जाडजूड पुस्तक एकदम छापायचे तर हाताशी भांडवल लागते. साप्ताहिकात तेच काम हप्त्याहप्त्याने होते. वर्गणीदार मिळत जातात आणि कादंबरी पुढे सरकते. शिवाय घरात एकाला वाचता येत असले, तरी बाकीच्यांना ऐकायला मिळते. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले ते १८८४ साली, म्हणजे वाचणाऱ्या बायका तेव्हा मोजक्याच. नाव ‘करमणूक’ असल्यामुळे पत्र माजघरात बिनबोभाट जाई, असे मला वाटते.

आणि आत काय होते? ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० ते १८९३ या काळात ही कादंबरी ‘करमणुकी’त आली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. माहेरचे दिवस, लहानपणीचे लग्न, शिकलेल्या नवऱ्याबरोबर मुंबईत थाटलेला संसार, मग वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. भाषा कशी, तर शेजारची पोर ओट्यावर बसून बोलते आहे अशी. ग्रंथी मराठीचा भपका नाही. नेमक्या त्याच सुमारास, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींसाठी दहाची मर्यादा बारा वर्षांवर गेली. पुण्यात त्यावरून केवढे रण माजले होते! सभांत पुरुष पुरुषांशी भांडत होते. यमू मात्र दर आठवड्याला घराघरांत जाऊन काय सोसले ते सांगत होती. तिचे बोलणे कुठे आवरायचे, हे ठरवणारा मालक मधे नव्हता. हरिभाऊंनी स्वतःचे पत्र काढून मिळवले ते हे.

आता एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली आणि हरिभाऊंनी तिचा कारभार पाहिला. डोक्यावर छप्पर होते, म्हणून हे धाडस झेपले. सगळ्याच तरुणांना ते कुठले जमायला?

आणि पत्र स्वतःचे म्हटले तरी धनी होताच: येणारा आठवडा. मजकूर तयार असो वा नसो, अंक काढलाच पाहिजे. कथानके लांबत गेली, त्यात पसरटपणा आला. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत, सत्तावीस वर्षे चालले. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये हरिभाऊ गेले. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, त्या राहिल्याच.