घुबडाचे डोळे, रेड्याची पाठ

वाणिज्य शाखेच्या पदवीने मला एकच गोष्ट पक्की शिकवली : कुठेही काही जमा झालं, की दुसरीकडे कुठेतरी ते नावे पडलेलं असतं. बँकेच्या काउंटरमागे इतकी वर्षं काढली, पण या नियमाला अपवाद सापडला नाही. एखादा माणूस रातोरात श्रीमंत झाला की लोक विचारतात, ‘कसा?’ आम्ही विचारतो, ‘कुणाच्या खात्यातून?’

याच विद्येच्या जोरावर एका दिवाळीत मला न्यायाधीशपद मिळालं. पुण्याला शिकणारा भाचा तीन मित्रांना घेऊन जालन्याला आला आणि चौघांनी आमचं जेवणाचं टेबल चार दिवस अडवून ठेवलं. टेबलावर कागद, पेन्सिली, वीस पैलूंचा फासा आणि चिवड्याचं ताट. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली तो बाजारात आणला. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यात राहायचं. एकजण योद्धा, एकजण चोर आणि आमचा भाचा मांत्रिक. मांत्रिकाकडे एक घुबड. त्या घुबडाच्या डोळ्यांनी मांत्रिकाला पाहता येतं.

भांडण पेटलं ते नाकावरून. घुबड राजवाड्याच्या मुदपाकखान्यात शिरलं. आत विष शिजत होतं. भाचा म्हणाला, ‘‘मला वास आला.’’ चोर म्हणाला, ‘‘शक्यच नाही.’’ शेवटी प्रकरण माझ्याकडे आलं. ‘‘मामा, तुम्ही बँकेत परिपत्रकं वाचता ना? मग तुम्हीच ठरवा.’’

मी चष्मा पुसून २०१४ सालच्या नियमपुस्तकातलं कलम वाचून घेतलं. घुबड शंभर फुटांच्या आत असेल, तर मांत्रिकाला त्याच्या डोळ्यांनी पाहता येतं आणि त्याच्या कानांनी ऐकता येतं. मात्र तेवढा वेळ तो स्वतःच्या डोळ्यांनी आंधळा आणि स्वतःच्या कानांनी बहिरा. कलम वाचून मला गहिवरून आलं. परक्याचे डोळे जमा, स्वतःचे नावे! नाकाचा उल्लेखच नव्हता आणि परिपत्रकात जे लिहिलेलं नाही ते मंजूर नाही. शिवाय मांत्रिकाचं स्वतःचं नाक चालूच राहतं. म्हणजे डोळ्यांपुढे मुदपाकखाना आणि नाकापुढे चिवडा. तसा निकाल मी दिला.

हा हिशेब आपल्याकडे जुनाच आहे. परकायाप्रवेश करता येतो हे पतंजलीने योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात नोंदवलंय. आणि तो केल्यावर मागे राहिलेल्या देहाचं काय, याचं उत्तर शंकराचार्यांच्या कथेत आहे. आचार्य अमरू राजाच्या मृत देहात शिरले तेव्हा त्यांचा स्वतःचा देह गुहेत आणि शिष्य पहाऱ्याला. राजा एकाएकी शहाणा झालेला पाहून दरबाराला संशय आला (यातच राजेलोकांविषयी पुष्कळ सांगून झालं) आणि गावोगावची प्रेतं जाळून टाकण्याचा हुकूम निघाला. आचार्य परतले ते देह चितेवर चढल्यावर.

इथवर माझं आणि त्या खेळाचं छान जमलं होतं. पण तिसऱ्या दिवशी घुबडाला बाण लागला. मी हळहळलो. भाच्याची भुवईसुद्धा हलली नाही. दहा सोन्याच्या मोहरांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळी शेगडीत जाळल्या, की तेच घुबड पुन्हा हजर! मांत्रिकाला ओरखडासुद्धा नाही. या नोंदीने मात्र माझी झोप उडाली. बाण लागल्याची जमा-नावे कुठाय?

मी भाच्याकडून जुन्या आवृत्त्यांचे नियम वाचून घेतले. तिथे ती नोंद सापडली. २०००च्या आवृत्तीत साथीदार प्राणी मेला तर मांत्रिकाने कमावलेल्या अनुभवाचे गुण वजा होत. १९८९च्या आवृत्तीत मांत्रिकाला आधी फासा टाकून स्वतः जगायचं की मरायचं ते ठरवावं लागे. जगला तरी प्रकृतीचा एक गुण कायमचा गेला. आणि १९७८च्या पुस्तकात प्राण्याच्या अंगात जेवढी ताकद, त्याच्या दुप्पट मांत्रिकाच्या अंगातून कायमची वजा. त्या पुस्तकात नाकाचीही सोय होती. वीझल नावाचा मुंगसाच्या चणीचा प्राणी पाळला, की मांत्रिकाचं नाक तीक्ष्ण व्हायचं! म्हणजे पूर्वी मांत्रिक हा त्या जनावराचा जामीनदार होता. आता तो नुसता ग्राहक आहे. जामीनदारकीचा फॉर्म पुढे केला की सख्खे भाऊ कसे अंतर्धान पावतात हे रोज पाहणाऱ्या माणसाला या बदलाचं नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

कारण या बाबतीतला सर्वांत कडक निकाल आमच्या शेजारी लागलेला आहे. जालन्याहून अंबड-पाचोडवरून पैठण लांब नाही. परंपरेने साल दिलंय शके १२०९, म्हणजे इसवी सन १२८७. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी होती. ज्ञानदेव बारा वर्षांचे. सर्वांभूती एकच आत्मा आहे, असं हा मुलगा म्हणतो म्हटल्यावर कुणीतरी रस्त्यातला रेडा दाखवला. ‘याचंही नाव ज्ञाना. मग हा आणि तू एकच का?’ मुलगा हो म्हणाला. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले.

इतिहासकार हा प्रसंग चमत्कार म्हणून कुंपणाबाहेर ठेवतात आणि शुद्धिपत्राच्या खरेपणावर वाद घालतात. ते त्यांचं काम आहे. लोकांनी लक्षात ठेवलं ते पुढचं : रेडा वेद बोलला. कॅलेंडरवर छापतात तेही तेच. पण मी कारकून. मी नोंदींचा क्रम पाहतो. वेदांच्या आधी वळांची नोंद आहे. त्या मुलाने रेड्याचे डोळे घेऊन कुणाच्या मुदपाकखान्यात डोकावून पाहिलं नाही, त्याचे कान घेऊन ब्रह्मवृंदाची कुजबुज ऐकली नाही. घेतला तो फक्त आसूड. शंभर फुटांची अट नाही, फासा नाही. नावे पडलं सगळं ज्ञानोबाच्या पाठीवर आणि जमा झालं रेड्याच्या तोंडात. हिशेब जुळतो, पण असा व्यवहार करायला आमच्या शाखेत कुणी आलेलं नाही.

त्या रेड्याचं खातं पैठणलाच बंद झालं नाही. भावंडांनी त्याला सोबत घेतला, असं परंपरा सांगते. वाटेत जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी तो गेला आणि तिथे त्याला रीतसर समाधी दिली गेली. समाधी आजही आहे. अहिल्यानगरवरून कल्याणकडे जाताना आळेफाटा लागतो. तिथे एसटी थांबली की सगळे चहासाठी उतरतात आणि गाव आत कुठे आहे हे फारसं कुणी विचारत नाही.