निरीक्षण खरे, अनुमान चुकले

जोरात धावताना स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो आणि ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनते, हे आपण वर्गात शिकवतो. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ऑटो वॉरबुर्ग यांनी उंदरांमधील कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप ग्लुकोजच्या द्रावणात ठेवले. भरपूर प्राणवायू असूनही त्या पेशी लॅक्टिक आम्ल बनवत होत्या!

पेशींचे श्वसन बिघडते म्हणून कर्करोग होतो, असे अनुमान वॉरबुर्ग यांनी काढले. १९५६ सालीही ते त्यावर ठाम होते. पुढे मात्र दिसले, की बहुतेक कर्कपेशी श्वसनही करू शकतात. जनुकांतील बदलांमुळे त्यांची ग्लुकोजची ओढ वाढते. नव्या पेशी घडवायला लागणारा कच्चा मालही त्यातूनच मिळतो. या ओढीमुळेच आज ‘पेट’ तपासणीत गाठ दिसते.

मग साखर बंद केली तर गाठ उपाशी मरेल का? नाही. खाल्ले नाही तरी यकृत रक्तातील ग्लुकोज टिकवते. त्यासाठी स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात. गाठ राहते, रुग्ण खंगतो.

प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान आपण वेगवेगळे लिहायला लावतो, ते यासाठीच.