मेणबत्ती, भांड्यातली (घरगुती)

काचेचा ग्लास, पत्र्याची डबी किंवा मातीची पणती यांत वितळलेले पॅराफिन मेण ओतून केलेली आणि त्याच भांड्यात शेवटपर्यंत जळणारी मेणबत्ती. सुटी मेणबत्ती स्वतःच्या बळावर उभी राहते, म्हणून तिला कडक मेण लागते. इथे मेणाला भांड्याचा आधार असतो. त्यामुळे ४८ ते ५४ अंश सेल्सिअसला वितळणारे मऊ मेण चालते, किंबहुना तेच बरे. बाजारात सहज मिळणारे ५८–६० अंशांचे मेण थंड होताना जास्त आकसते आणि काचेपासून सुटते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात या प्रकाराचे घरोघरी ओळखीचे रूप म्हणजे दिवाळीतली मेणाची पणती.

पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात निघणारे मेण. कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये ते प्रथम वेगळे केले. आसामातील दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ पासून चालू आहे आणि भारतातील मेणाचा तो जुना उगम आहे.

भांडे : बेळगाव-खानापूर भागाला मातीच्या भांड्यांची वाण नाही. खानापूरची माती विटा-कौलांसाठी प्रसिद्ध आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्थाही खानापुरातच आहे. पण साधी भाजलेली पणती सच्छिद्र असते. वितळलेले मेण तिच्या अंगात मुरते, बाहेरून पाझरते आणि ज्योत काठाशी आली तर पणतीची कडाच वातीसारखी पेट घेते. म्हणून मेणासाठी आतून चकाकीचा लेप दिलेली पणती घ्यावी. तेलाची पणती आपण आदल्या रात्री पाण्यात भिजवतो, म्हणजे ती तेल कमी पिते. मेणाच्या पणतीला ही रीत लावू नये. मातीत राहिलेला ओलावा वातीपर्यंत पोचला की ज्योत तडतडते आणि मेणाचे थेंब उडतात. काच घ्यायची तर जाड, उष्णता सोसणारी घ्यावी. पातळ सरबताचे ग्लास किंवा तडा गेलेले कप वापरू नयेत. प्लॅस्टिक आणि लाकूड तर नाहीच.

वात : नवशिक्याचे सगळे लक्ष रंगाकडे आणि वासाकडे असते, पण मेणबत्ती चांगली जळणार की नाही हे वात ठरवते. विणलेली सुती वात आधी वितळलेल्या मेणात बुडवून ताठ करून घेतात, तिच्या बुडाला पत्र्याची चकती लावतात आणि ती चकती भांड्याच्या तळाशी बरोबर मध्यावर चिकटवतात. वरचे टोक आडव्या काडीला बांधले की वात सरळ राहते. ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाला एक वात पुरते. ९ सेंटिमीटरच्या पुढे दोन किंवा तीन लागतात. बारीक वातीने मध्ये विहिरीसारखा खड्डा पडतो आणि कडेचे मेण तसेच राहते. जाड वातीने ज्योत उंच जाते, काजळी धरते, काच तापते. पहिल्यांदा लावलेल्या मेणबत्तीचे वितळलेले मेण दोन-तीन तासांत काठापर्यंत पोचले, तर वात जमली असे समजावे.

कृती : भांड्यात हव्या त्या खुणेपर्यंत पाणी भरून मोजावे. १५० मिलिलिटर पाणी मावले तर वरून घालायच्या मेणासह सुमारे १३० ग्रॅम मेण लागते. मोजून झाल्यावर भांडे पुसून पूर्ण कोरडे करावे; बेळगावच्या पावसाळी हवेत ते थोडे शेकूनच घ्यावे. मेण थेट गॅसवर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे छोटे पातेले ठेवावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात पाणी ९७–९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे मेण त्यापुढे तापू शकत नाही. उघड्या आचेवर मात्र ते २०० अंशांच्या आसपास जाऊन वाफेसकट पेटू शकते. पातेल्यातले पाणी आटू न देणे एवढेच सांभाळायचे.

मेण ७५–८० अंशांवर आले की सुगंधी तेल मिसळावे. मेणाच्या ६ टक्के, म्हणजे १३० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम पुरे. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे मेणात गोळ्या होऊन बसतो आणि मेणखडूंचा रंग वात तुंबवतो. मेणबत्तीसाठी मिळणारा तेलात विरघळणारा रंगच वापरावा. कपड्यांवर मारायचे अत्तर-फवारे त्यातल्या अल्कोहोलमुळे धोक्याचे. ६५–७० अंशांवर थोडे शिल्लक ठेवून बाकीचे मेण सावकाश ओतावे. गोठताना ते आकसते आणि वातीभोवती खळगा पडतो. वरची साय धरल्यावर वातीच्या बाजूने काडीने दोन-तीन छिद्रे पाडून, शिल्लक ठेवलेले मेण पुन्हा ओतले की पृष्ठभाग सपाट होतो. ही दुसरी ओत टाळली तर आत पोकळी राहते आणि ज्योत तिथे बुडून विझते. हिवाळ्यात मेणबत्ती खिडकीच्या वाऱ्यात थंड करू नये.

जाळणे : प्रत्येक वेळी वात ५–६ मिलिमीटर उरेल एवढी कापावी. चार तासांहून जास्त जाळू नये आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले की विझवावी, नाहीतर काच तडकते. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चौफेर उडते. झाकण ठेवावे.

व्यवसाय : निपाणीत घरबसल्या कमाई म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणे. मेणबत्ती ती जागा घेईल असे म्हणणे बरोबर नाही, कारण तिचा हंगाम दिवाळी ते नाताळ एवढाच. पण तंबाखूच्या धुळीपासून मोकळे असे हंगामी काम म्हणून बचत गटांनी ते जरूर धरावे. महाबळेश्वरात भावेश भाटिया यांनी उभ्या केलेल्या ‘सनराइज कँडल्स’मध्ये दृष्टिहीन कारागीर मेणबत्त्या करतात, हे काम डोळ्यांपेक्षा हाताच्या शिस्तीचे आहे, याचा तो भक्कम पुरावा होय. विकणाऱ्याने एक नियम मात्र मोडू नये : भांडे, मेण किंवा वात यांपैकी काहीही बदलले, तर त्या घाण्यातला एक नग स्वतःसमोर शेवटपर्यंत जाळून पाहावा आणि मगच बाकीचे बाजारात न्यावेत.