मधुमेह, रक्तातील मेद आणि स्नायूंचा व्यायाम

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कावेरीच्या तीरावर वसलेले कुंभकोणम हे मंदिरांचे नगर म्हणून प्रसिद्ध आहे. तंजावरच्या मराठा राज्यामुळे मराठी वाचकांनाही हा परिसर परिचित आहे. भातशेती, पितळी भांडी, विड्याची पाने आणि दूध-साखर घातलेली ‘डिग्री कॉफी’ ही त्याची ओळख. आहारात तांदळाचा भर, गोड कॉफी आणि दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात बैठे काम, अशी दिनचर्या आज अशा अनेक नगरांत आढळते. पंढरपूर किंवा नाशिकही त्याला अपवाद नाही. मधुमेहाला पोषक अशी ही परिस्थिती आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के असून तामिळनाडूत ते १४.४ टक्के आढळले. हा विकार महानगरांपुरता मर्यादित नाही. तामिळनाडूत २००६ साली झालेल्या एका पाहणीत मधुमेहाचे प्रमाण चेन्नईत १८.६ टक्के, तर कांचीपुरमसारख्या लहान शहरात १६.४ टक्के होते. पण्रुटी परिसरातील खेड्यांत ते ९.२ टक्के होते.

साखरेइतकाच मेद महत्त्वाचा

मधुमेह म्हणजे केवळ रक्तातील साखर वाढणे, असा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात मधुमेहींच्या जीविताला मोठा धोका हृदयविकार व पक्षाघातापासून असतो आणि त्यात रक्तातील मेदाचा वाटा मोठा आहे. इन्शुलिनचा प्रभाव कमी झाला की मेदपेशींतून मेदाम्ले अधिक प्रमाणात रक्तात उतरतात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड्स तयार करून पुन्हा रक्तात सोडते. परिणामी ट्रायग्लिसराइड्स वाढतात, हितकारक मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि एलडीएलचे कण लहान व दाट होऊन रक्तवाहिन्यांना अधिक अपायकारक ठरतात. म्हणूनच साखरेच्या तपासणीबरोबर मेदाची तपासणीही आवश्यक असते.

दिल्लीतील अभ्यास

या संदर्भात वजन उचलणे, ताणपट्टी ओढणे, जोर-बैठका काढणे अशा प्रतिरोधी व्यायामाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. डॉ. अनुप मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत केलेला अभ्यास २००८ मध्ये ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ३० रुग्णांनी १२ आठवडे देखरेखीखाली सहा स्नायुगटांचा क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम केला.

अभ्यासाअखेरीस ट्रायग्लिसराइड्समध्ये प्रति डेसिलिटर सरासरी सुमारे ३५ मिलिग्रॅम, तर एकूण कोलेस्टेरॉलमध्ये सुमारे १५ मिलिग्रॅम घट झाली. गेल्या काही महिन्यांतील साखरेची सरासरी दर्शविणाऱ्या एचबीए१सीमध्ये सुमारे अर्ध्या टक्क्याची घट दिसून आली. त्वचेखालील चरबी घटली आणि इन्शुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद सुधारला. रुग्णसंख्या अल्प असल्याने हे आकडे जपून वाचावयास हवेत. परंतु ते भारतीय रुग्णांचे आहेत, हे त्यांचे महत्त्व. एचडीएल व एलडीएलवरील परिणाम मात्र निरनिराळ्या अभ्यासांत एकसारखे आढळत नाहीत.

या बदलाचे कारण स्नायूंच्या कार्यात आहे. जेवणानंतर रक्तातील साखर सामावून घेण्याचे काम प्रामुख्याने स्नायू करतात. व्यायामाने त्यांची ही क्षमता वाढते. तसेच रक्तातील ट्रायग्लिसराइड्सचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर स्नायूंत अधिक कार्यरत होते. इन्शुलिनचा प्रभाव सुधारल्याने मेदपेशींतून होणारा मेदाम्लांचा प्रवाहही आटोक्यात येतो.

काय करावे, काय टाळावे

आठवड्यातून किमान १५० मिनिटे जलद चालण्यासारखा व्यायाम आणि त्याच्या जोडीला दोन ते तीन दिवस प्रतिरोधी व्यायाम, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. प्रतिरोधी व्यायामाचे हे दिवस लागोपाठ नसावेत. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे येथूनही आरंभ करता येतो. तामिळनाडूतील करलाकट्टै आणि महाराष्ट्रातील मुद्गल ही लाकडी साधनेही याच परंपरेतील होत. मात्र ती जाणकाराकडून शिकूनच हाताळावीत.

वजन उचलताना श्वास रोखू नये. त्यामुळे रक्तदाब एकाएकी वाढतो. डोळ्यांच्या पडद्याचा विकार, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार किंवा पायांची बधिरता असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा व्यायाम सुरू करू नये. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर तपासावी व जवळ काहीतरी गोड ठेवावे.

व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. वैद्यकांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील औषध दिले असल्यास ते परस्पर बंद करू नये. वाढलेल्या मेदाची सहसा कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे प्रकृती ठीक वाटते म्हणून औषध वा व्यायाम सोडून देणे घातक ठरू शकते.