फाइल प्रणाली : युनिक्स साठवण सर्व्हरवरील उभारणी व दुरुस्ती

डिस्कवरील जागेची फाइली व डिरेक्टऱ्यांत मांडणी करणारी आणि त्या जागेचा हिशेब ठेवणारी संगणकीय व्यवस्था. युनिक्समध्ये फाइलीचे नाव डिरेक्टरीत असते. मालक, परवानग्या, आकार आणि मजकुराचे ब्लॉक कोठे आहेत ही माहिती ‘इनोड’मध्ये असते. सबंध प्रणालीची मोजमापे ‘सुपरब्लॉक’मध्ये नोंदलेली असतात. साठवण सर्व्हरवरील बऱ्याच तक्रारींचे मूळ या विभागणीत सापडते.

विकास : युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी (१९८३) आवृत्तीतील ‘फास्ट फाइल सिस्टिम’ने इनोड व त्यांचा मजकूर डिस्कवर जवळजवळ ठेवून वेग वाढवला. मात्र सर्व्हर अचानक बंद पडला की ‘एफएससीके’ हा प्रोग्राम सगळी डिस्क तपासत बसे. त्यावर ‘जर्नल’चा तोडगा निघाला : व्यापारी आधी कच्च्या वहीत टिपतो तसा बदल प्रथम जर्नलमध्ये लिहायचा, मग मूळ जागी. सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस, लिनक्सवरील ईएक्सटी३ (२००१) व ईएक्सटी४ (२००८) या प्रणाली असे करतात. सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएसने (२००५) जुना ब्लॉक न खोडता बदल नव्या जागी लिहिण्याची पद्धत अवलंबली आणि प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीजही ठेवली.

उभारणी : काही निर्णय पहिल्याच दिवशी करावे लागतात, नंतर ते बदलता येत नाहीत किंवा फार महाग पडतात. ईएक्सटी४ नेहमीच्या मांडणीत दर १६ किलोबाइटला एक इनोड राखते. म्हणजे १ टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे ६.७ कोटी इनोड होतात. सर्व्हरवर सरासरी ४ किलोबाइटच्या टपाल-फाइली ठेवल्या, तर साधारण चौथाई डिस्क भरताच इनोड संपतात आणि बाकी जागा रिकामी असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. इनोडांची संख्या प्रणाली तयार करतानाच ठरते. एक्सएफएस इनोड गरजेप्रमाणे निर्माण करते, पण ती सहज लहान करता येत नाही. झेडएफएसमध्ये सेक्टरच्या आकाराशी जुळणारे ‘ॲशिफ्ट’ मूल्य डिस्कगट जोडताना ठरवावे लागते. ४०९६ बाइटच्या सेक्टरसाठी ते १२ असते आणि मागाहून बदलत नाही. कोणती प्रणाली कोणत्या डिरेक्टरीत जोडायची (‘माउंट’ करायची) याच्या यादीत ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी डिस्कची नावे न लिहिता प्रणालीचा स्वतंत्र ओळखक्रमांक, यूयूआयडी, लिहावा, कारण डिस्कच्या जोडण्या बदलल्या की त्या नावांची अदलाबदल होते.

वीज व पाणी : मुंबई उपनगरांतील सर्व्हर-खोलीची उभारणी डिस्कपाशी संपत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला. अशा वेळी जर्नल फाइल प्रणालीची रचना वाचवते. प्रोग्रामने लिहिलेला, पण अजून मेमरीतच असलेला मजकूर मात्र वाचवत नाही. त्यासाठी यूपीएस आणि कंट्रोलरच्या कॅशला बॅटरी लागते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तळघरातील सर्व्हरचा धोकाही वेगळा सांगावा लागत नाही.

बिघाडाचे निदान : पहिला नियम असा की आधी वाचावे, मग लिहावे. कर्नलचा लॉग पाहून बिघाड केबलचा, डिस्कचा की फाइल प्रणालीचा हे ठरवावे. डिस्क स्वतःविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींत सीआरसी (मजकूर वाहून नेतानाच्या) चुका वाढत असल्यास संशय बहुधा केबलवर जातो; वाचता न येणारे, प्रलंबित सेक्टर वाढत असल्यास डिस्कवर. प्रणाली आपणहून ‘फक्त वाचन’ अवस्थेत गेली, तर ती पुन्हा लिहिती करण्याची घाई धोक्याची असते. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ने तिची प्रत काढून दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. चालू, माउंट असलेल्या प्रणालीवर दुरुस्तीचा ‘एफएससीके’ कधीही चालवू नये.

ईएक्सटी४ चा मुख्य सुपरब्लॉक खराब झाल्यास ४ किलोबाइट ब्लॉकच्या प्रणालीत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवरील राखीव प्रत वापरता येते. एक्सएफएस आधी माउंट करून जर्नल पूर्ण होऊ द्यावे. तिच्या दुरुस्ती-प्रोग्रामचा जर्नल पुसणारा ‘एल’ पर्याय शेवटचा, कारण त्यात अलीकडचे बदल जातात. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञा डिस्क भरल्याचे सांगते आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज कमी भरते, तेव्हा बहुधा कुणीतरी मोठी लॉग-फाइल पुसलेली असते, पण प्रोग्राम ती अजून उघडी ठेवून असतो. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने तो प्रोग्राम शोधून पुन्हा सुरू केला की जागा सुटते.

मूक बिघाड : डिस्क कधी कधी चुकीचा मजकूर बरोबर म्हणून परत देते. रोज न उघडल्या जाणाऱ्या फाइलींत हे वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मुंबईच्या विक्रोळी उपनगरात २००६ पासून असलेल्या गोदरेज अभिलेखागारासारख्या, कागदपत्रे, छायाचित्रे व मौखिक इतिहास जपणाऱ्या संग्रहांच्या डिजिटल प्रतींना खरा धोका हाच. झेडएफएसचे ‘स्क्रब’ सर्व ब्लॉक वाचून पडताळते आणि जोडप्रत असल्यास चुकीचा ब्लॉक दुरुस्त करते. ते ठरावीक काळाने चालवावे लागते. स्क्रब किंवा रेड (एकच मजकूर एकाहून अधिक डिस्कवर राखण्याची मांडणी) बॅकअपची जागा घेत नाहीत : चुकून पुसलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून एकदम जाते. बॅकअप वेगळ्या जागी ठेवून त्यातून फाइल परत आणण्याची चाचणीही घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील काम : व्हेरिटास कंपनीने पुण्यात साठवण सॉफ्टवेअरचे मोठे विकास केंद्र चालवले. लिनक्सवरील झेडएफएसच्या इतिहासातही पुण्याचे नाव आहे. सनचा सीडीडीएल परवाना लिनक्सच्या जीपीएलशी जुळत नसल्याने झेडएफएस कर्नलमध्ये सामील होऊ शकली नाही. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ती स्वतंत्र मॉड्यूल म्हणून आणली, पण त्यांना ती लस्टर या समांतर प्रणालीखाली हवी असल्याने नेहमीप्रमाणे माउंट करण्याचा थर त्यात नव्हता. पुण्यातील केक्यू इन्फोटेकने २०१० मध्ये तो थर जोडून दाखवला. पुढे प्रयोगशाळेच्या प्रकल्पानेही स्वतःचा थर लिहिला, आणि झेडएफएसच्या ओपनझेडएफएस २.० (२०२०) या मुक्तस्रोत आवृत्तीपासून लिनक्स व फ्रीबीएसडी यांच्यासाठी एकच मूळ कोड वापरला जातो.