रूळ १९६६चे, वाघीण माझी

लेगोची पहिली रेल्वे १९६६ साली डेन्मार्कमध्ये आली. निळे रूळ, साडेचार व्होल्टची मोटर. पुढे बारा व्होल्ट आले, १९९१मध्ये नऊ व्होल्ट आले. दोन रुळांमधलं अंतर मात्र तेच राहिलं, साधारण ३८ मिलिमीटर. इतकी बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी पाहून आम्हा प्रोग्रामर लोकांना गहिवरून येतं.

तिची किंमत मालडब्यांनी मोजली. युरोपातला मुख्य गेज १४३५ मिलिमीटरचा, म्हणजे हे रूळ खऱ्याच्या ३८व्या हिश्श्याचे. डबे सहा खुंट्या रुंद, म्हणजे ४८ मिलिमीटर. खरा डबा तीन मीटरचा धरला तर हा ६२वा हिस्सा! दांडग्या रुळांवर किडकिडीत डबे. म्हणून बरेच हौशी लोक आठ खुंट्यांचे डबे बांधतात.

कोळशाची बॉक्सएन वाघीण बांधायला घेतली, तेव्हा वेगळीच गंमत कळली. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्यामुळे रूळ ४४वा हिस्सा. वाघीण ३.२ मीटर रुंद; आठ खुंट्यांत ५०वा हिस्सा. डॅनिश रुळांवर आपलीच वाघीण जास्त शोभते की!

लांबी भरली २७ खुंट्या. पहिल्याच वळणावर घसरली. बोगी तळाला घासत होती. मध्ये एक पातळ प्लेट घातली, मग फिरली.