तेलदाबातील चढउतार (मोटारसायकल इंजिन)

मोटारसायकलच्या इंजिनात वंगणतेल ज्या दाबाने खेळविले जाते त्यास तेलदाब असे म्हणतात. हा दाब दर्शविणाऱ्या मापकाचा काटा वरखाली होणे ही वाहनधारकांची एक नेहमीची तक्रार होय. असे चढउतार तीन प्रकारचे असतात : स्वाभाविक, मापनातील दोषामुळे दिसणारे आणि इंजिनातील प्रत्यक्ष बिघाडामुळे होणारे. या तिन्हींतील भेद ओळखणे हा निदानाचा गाभा आहे. मापकाच्या दोषास इंजिनाचा दोष समजल्यास सुस्थितीतील इंजिन विनाकारण उघडले जाते. उलटपक्षी खऱ्या घटीकडे दुर्लक्ष झाल्यास बेअरिंगे जळून इंजिन जाम होऊ शकते आणि धावत्या गाडीचे मागचे चाक अडकून स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

तेलदाबाचे स्वरूप

तेलपंप प्रत्यक्षात दाब निर्माण करीत नाही, तो तेलाचा प्रवाह निर्माण करतो. अरुंद मार्ग व बेअरिंगांतील सूक्ष्म फटी यांतून जाताना या प्रवाहास जो अवरोध होतो, त्यातून दाब उत्पन्न होतो. त्यामुळे दाब मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पंपाची गती, तेलाची विष्यंदिता म्हणजे दाटपणा आणि फटींचा आकार. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून स्प्रिंगने दाबून धरलेली रिलीफ व्हॉल्व्ह नावाची झडप बसविलेली असते. ठरावीक दाबाला ती उघडते आणि जास्तीचे तेल परत वळविते.

साध्या बेअरिंगांच्या इंजिनात तेलाचा पातळ थर क्रँकशाफ्टचा भार पेलतो, म्हणून तेथे पुरेसा दाब अत्यावश्यक असतो. रोलर बेअरिंगांच्या इंजिनास तुलनेने कमी दाब चालतो. म्हणूनच एका इंजिनाचे आकडे दुसऱ्यास लावता येत नाहीत.

दाब पौंड प्रति चौरस इंच किंवा बार या एककांत मोजतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पौंड प्रति चौरस इंच.

स्वाभाविक चढउतार

थंड इंजिनात तेल दाट असल्याने दाब अधिक दिसतो. इंजिन तापल्यावर तेल पातळ होते व दाब उतरतो. मूठ पिळल्यावर दाब वाढतो आणि सिग्नलला गाडी उभी असताना मंद गतीवर तो बराच खाली येतो. हा उतार उत्पादकाच्या कार्यपुस्तिकेतील मर्यादेत असेल तर तो बिघाड नव्हे.

लक्षणे व संभाव्य कारणे

* काटा क्षणात शून्यावर जाऊन परत येणे : सैल जोडणी, तुटकी तार, खराब अर्थिंग किंवा सदोष सेन्सर. स्थिर गतीवरील इंजिनात खरा दाब सहसा असा उड्या मारीत नाही.
* काटा सतत थरथरणे : यांत्रिक मापकात इंजिनाची कंपने, पंपाच्या शोषणमार्गात शिरलेली हवा, तेलात झालेला फेस किंवा अडखळणारी रिलीफ व्हॉल्व्ह.
* वळणावर किंवा ब्रेक दाबताना दाब पडणे : तेलाची अपुरी पातळी. तेल एका बाजूस सरकते आणि शोषणनळीचे तोंड उघडे पडते.
* इंजिन तापल्यावर दाब मर्यादेखाली जाणे : चुकीच्या श्रेणीचे तेल, तेलात मिसळलेले पेट्रोल, झिजलेली बेअरिंगे किंवा झिजलेला पंप.
* गरम इंजिनातही दाब सतत चढा राहणे : बंद स्थितीत अडकलेली रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पुढील मार्गातील अडथळा.

इंजिनावरच बसविलेले, द्रव भरलेले बंदिस्त मापक तापल्यावर प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवू शकतात. थंड स्थितीत अचूक असणारा मापक लांबच्या प्रवासात चुकतो, तो यामुळे.

निदानाचा क्रम

सोप्या व स्वस्त तपासण्या आधी आणि इंजिन उघडण्याचे काम सर्वांत शेवटी, हा सर्वसाधारण क्रम होय.

१. तेलाची पातळी कार्यपुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने पाहावी. कोरड्या संपाच्या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असते आणि उभ्या गाडीत त्यातील काही भाग क्रँककेसमध्ये उतरू शकतो. त्यामुळे थंड स्थितीतील पातळी फसवी ठरते.
२. तेलाची श्रेणी, फेस व पेट्रोलचा वास तपासावा.
३. सेन्सरची तार, जोडणी व अर्थिंग हलवून पाहावे.
४. सेन्सर काढून त्या जागी खात्रीचा यांत्रिक मापक जोडावा. या मापकावर दाब स्थिर व योग्य असेल, तर दोष विद्युत भागात आहे हे सिद्ध होते.
५. थंड व पूर्ण तापलेल्या अशा दोन्ही स्थितींत, मंद गतीवर आणि पुस्तिकेतील नेमून दिलेल्या गतीवर आकडे नोंदवावेत.
६. घट खरी ठरल्यास तेलगाळणी कापून धातूचे कण पाहावेत, त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह आणि शेवटी पंप व बेअरिंगे तपासावीत.

उदाहरण : ट्विन कॅम इंजिन

हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९९ च्या मॉडेलवर्षापासून वापरात आणलेले ट्विन कॅम ८८ हे १४५० घनसेंटिमीटरचे, कोरड्या संपाचे इंजिन या विषयाचे बोलके उदाहरण आहे. यात तेल सुमारे ११० अंश सेल्सिअस तापले असता मिनिटाला २००० फेऱ्यांवर ३० ते ३८ पौंड दाब अपेक्षित असतो. मंद गतीवर तो याहून पुष्कळच कमी असतो.

सुरुवातीच्या इंजिनांत कॅमची साखळी ताणून धरणारे टेन्शनर स्प्रिंगच्या जोराने दाबलेले असत. त्यांच्या पट्ट्या झिजून सुटलेले कण तेलात मिसळत. असा कण रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकल्यास ती पूर्ण मिटत नाही व दाब घसरतो. पंपातही ओरखडे पडतात. पंप आणि कॅमची आधारपट्टी यांमधील ओ-रिंग फाटल्यास किंवा चिमटल्यासही हेच लक्षण दिसते. पुढे २००७ पासून, आणि डायना श्रेणीत २००६ पासून, तेलदाबावर चालणारे टेन्शनर देण्यात आले.

तातडीची दक्षता

धावताना तेलदाबाचा इशारादिवा लागल्यास क्लच दाबून गाडी सुरक्षित जागी घ्यावी व इंजिन त्वरित बंद करावे. दिवा दाब अगदी खाली गेल्यावरच लागतो. त्यामुळे खात्रीच्या मापकाने दाब योग्य असल्याचे दिसेपर्यंत तो इशारा खरा मानावा आणि इंजिन सुरू ठेवून गाडी पुढे नेऊ नये.

हे सुद्धा पहा

* वंगण
* विष्यंदिता
* अंतर्ज्वलन इंजिन
* बेअरिंग